खटका ऐकू येईपर्यंत

सूचनाराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. मेव्हण्याने ते ठेवलं, बायकोने चालवलं आणि पुढे गल्लीत असं रुळलं की वीजमीटर बघायला येणारा माणूसही "सूचनाराव इथेच ना?" असं विचारू लागला. ठेवणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. कुणी पाण्याचा पेला उचलला की हे म्हणणार, "आधी बूड पुसा." कुणी दार लोटलं की, "कडी बघा, मग लोटा." घरी आलेल्या पाहुण्याला निघताना लिफ्टची बटणं समजावून द्यायचे, आणि समजावून होईपर्यंत लिफ्ट वरून कुणीतरी बोलावून घ्यायचं. एकदा दाढदुखीने बेजार होऊन दंतवैद्याकडे गेले, तर खुर्ची मागे कशी न्यायची ते त्यालाच सांगायला लागले. त्याने तोंडात कापसाचा बोळा कोंबला. काम झाल्यावरही बराच वेळ काढला नाही. तो का काढला नाही हे बायको आजही रंगवून सांगते.

पोटापाण्याचा उद्योगही स्वभावाला साजेसा. घडीचं फर्निचर बनवणाऱ्या कारखान्यात ते माहितीपुस्तिका लिहीत. खुर्ची कशी उघडावी, टेबल कसं मिटावं, पलंगाचे पाय कोणत्या क्रमाने बाहेर काढावेत. पॅकिंग विभागाला लागून अर्धी काच आणि अर्धा प्लायवूड अशी त्यांची खोली. पलीकडून दिवसभर चिकटपट्टी ओढल्याचं चर्र-चर्र ऐकू यायचं. मुख्य इंजिनिअर पुस्तिकेला 'खोक्यातला कागद' म्हणत. "काय लेखक, झाला का तुमचा खोक्यातला कागद? थर्माकोल सकाळीच आलाय, आता फक्त तुमच्यासाठी खोकं अडलंय."

घरीही काही वेगळा मान नव्हता. कुणी पाहुण्याने कौतुकाने विचारलं, "लेखक का? कोणती पुस्तकं?" की बायको चहा ओतता ओतता म्हणणार, "घडीचा पलंग. दुसरी आवृत्ती आलीय."

त्यांचं खरं दुखणं मात्र निराळं होतं. आपलं लिहिलेलं कुणी वाचत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. शेजाऱ्यांकडे एकदा गेले, तर तिथे त्यांच्याच कारखान्याचं टेबल डुगडुगत होतं, आणि ते डुगडुगू नये म्हणून पायाखाली त्यांचीच पुस्तिका घडी करून सारलेली होती. टेबल डुगडुगल्यास काय करावे, हे त्याच पुस्तिकेच्या चौथ्या पानावर होतं. सूचनाराव त्या दिवशी शेजाऱ्यांकडून एकही सूचना न देता परत आले. बायकोने कपाळाला हात लावून ताप बघितला.

अशा माणसाला छापखान्यात इस्त्रीवाल्या बाई भेटल्या. कपड्यांना इस्त्री करणाऱ्या नव्हेत, इस्त्रीच्या पुस्तिका लिहिणाऱ्या. छापायला जाण्याआधी तपासायचं पान डोळ्यांजवळ धरून त्या छापखान्याच्या मालकाला झापत होत्या. "हा बाण कुठे चाललाय? हा बाण बघून माणूस तळहात तापल्या पत्र्यावर ठेवेल!"

सूचनारावांना राहवलं नाही. मान लांब करून म्हणाले, "बाण जाड करा आणि चित्रातला हात काढूनच टाका."

बाईंनी चष्म्यावरून त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही आमच्यातले का हो?"

आमच्यातले! मेव्हण्याने आजवर त्यांना कशाकशातून काढलं होतं, पण कशात घेणारं कुणी भेटलं नव्हतं. बाईंनी सांगितलं की गावात तांत्रिक लेखकांचं एक मंडळ आहे, महिन्यातून एकदा बसतं, या. सूचनारावांनी त्या संध्याकाळी नवा शर्ट काढला आणि घडी मोडू नये म्हणून सभेच्या दिवसापर्यंत हँगरलाच ठेवला.

मंडळाची जागा चष्म्याच्या दुकानाच्या वर होती. दारावर 'ढकला' अशी पाटी. तिच्याखाली छोटी पाटी, 'हळू'. तिच्याखाली आणखी छोटी, 'आत कुणी उभे असू शकते'. आत खरोखरच कुणीतरी उभं होतं आणि दार त्याच्या कोपराला लागलं. तो गृहस्थ रागावला नाही. खिशातून पेन काढून म्हणाला, "म्हणजे चौथी पाटी लागणार."

इथे माणसं आपापल्या मालावरून ओळखली जात. अध्यक्ष पंपवाले. बोलण्याआधी ते दोनदा खाकरत, पाणी वर चढल्यासारखा आवाज येई आणि मग बोलणं सुरू होई ते लवकर थांबत नसे. ज्यांच्या कोपराला दार लागलं ते औषधवाले. औषधाच्या डबीतली ती बारीक अक्षरांची घडी हे गृहस्थ लिहीत, आणि लिहून लिहून त्यांना जगात कशाचाच भरवसा राहिला नव्हता. "कसे आहात?" असं विचारलं तर म्हणत, "बहुतेक वेळा बरा. क्वचित डोकेदुखी."

पहिल्या सभेचा अर्धा वेळ खिडकी उघडण्यात गेला. म्हणजे खिडकी उघडली नाही, ती कशी उघडावी हे कागदावर नीट मांडता येईना. कडी आधी की कवाड आधी? उजवीकडे म्हणजे कुणाच्या उजवीकडे? पंपवाले घामाघूम झाले, इस्त्रीवाल्या बाई पदराने वारा घेत होत्या, पण मजकुरावर एकमत झाल्याशिवाय खिडकीला हात लावायला कुणी तयार नव्हतं. सूचनाराव कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून हे पाहत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळत होतं. इतकी वर्षं आपण नुसते परक्यांत राहिलो, असं त्यांना वाटलं. घरी येऊन बायकोला म्हणाले, "अगं, मला या मंडळात जायचंय. काही करून."

पण मंडळात असं उठून कुणाला घेत नसत. तिथे 'गप्प परीक्षा' होती.

गप्प परीक्षा म्हणजे असं. नव्या माणसाने आपल्या कारखान्याची एक वस्तू आणायची आणि तिची आपण लिहिलेली पुस्तिका. बाहेरच्या, ती वस्तू कधी न पाहिलेल्या माणसाने सगळ्यांदेखत पुस्तिका वाचून ती वस्तू चालवायची. आणि तोवर लिहिणाऱ्याने हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं. हूं नाही, चूं नाही, भुवईसुद्धा हलवायची नाही. हाच नियम बघणाऱ्या सभासदांनाही लागू होता. जो तोंड उघडेल त्याचं सभासदत्व तिथल्या तिथे संपलं. शेवटी अध्यक्ष लिहिणाऱ्याला एकच प्रश्न विचारत: काही चुकलं असेल तर ते वाचणाऱ्याचं चुकलं की लिहिणाऱ्याचं? लिहिणाऱ्याचं म्हटलं तर पुढच्या वर्षी या. वाचणाऱ्याचंच काही कारण असेल, चष्मा विसरला असेल, हात दुखावला असेल, आणि ते मंडळाला पटलं, तर पुस्तिका पास.

बायको हे ऐकून हसून हसून स्वयंपाकघरात ओट्याला टेकली. "तुम्ही? गप्प? अहो, झोपेतसुद्धा कूस कशी बदलायची ते सांगता तुम्ही मला!"

"म्हणून तर सराव हवा."

सराव घ्यायला तिला भलताच हुरूप आला. त्यांच्यासमोर तिने मिठाचा डबा साखरेच्या जागी ठेवला. ते गप्प. शर्टाची बटणं एक घर सोडून लावली. ते गप्प, पण नाकपुड्या फुगल्या. मग तिने भरलेल्या किटलीचं झाकण उलटं बसवायला घेतलं.

"अगं, ती चोच त्या..."

"नापास!"

"काय म्हणाले गं ते?" आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही आई!"

"हो का? मग ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या, म्हणजे त्यांनी काय ऐकलं ते देवालाच ठाऊक.

सासूबाई यांच्याकडेच राहत. प्राथमिक शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. पोस्टाचा कागद असो की साबणाचं वेष्टण, हातात आलं की पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत मोठ्याने वाचायच्या, आणि मग त्याला गुण द्यायच्या. अलीकडे मात्र त्यांना ऐकू कमी यायचं, आणि हे घरात कुणी बोलायचं नाही. मुलीने एकदा डॉक्टरांकडे नेऊन कानात घालायचं यंत्र आणलं होतं. ते खणात पडून होतं. सूचनारावांनी मात्र न राहवून ते यंत्र कसं वापरावं हे ठळक अक्षरांत लिहून सासूबाईंच्या कपाटावर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी त्यावर लाल पेनाने शेरा होता: 'अक्षर बरे. विषय अनावश्यक.' आणि पुढे कितीतरी दिवस त्या जावयाशी थेट बोलल्या नाहीत. चहा झाला की भिंतीला सांगत, "भिंती, जावईबापूंना म्हणावं, चहा निवतोय."

परीक्षेचा दिवस आला. कारखान्याच्या टेम्पोतून नवा घडीचा पलंग चष्म्याच्या दुकानावर चढला. बायको बरोबर निघाली, आणि सासूबाईही चांगली साडी नेसून तयार. "जावईबापू गप्प बसणार आहेत म्हणे. आयुष्यात एकदा तरी बघू दे."

वर गेल्यावर कळलं की परीक्षेला माणूसच नाही. नेहमी खालच्या चष्म्याच्या दुकानातला विक्रेता यायचा. पण इतक्या वेळा येऊन येऊन तो आता स्वतःला जाणकार समजू लागला होता. मागच्या परीक्षेत त्याने पुस्तिका वाचण्याऐवजी सुधारायला घेतली, म्हणून त्याला बाद केलं होतं. अध्यक्ष खाकरले, पुन्हा खाकरले आणि म्हणाले, "तर मग बाहेरचं, वस्तू न पाहिलेलं असं कोण आहे?"

"मी आहे की," सासूबाई उठल्या. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या, अध्यक्षांच्या अगदी तोंडासमोर.

बायकोचा चेहरा पडला. "आई, अगं तू कशाला..."

"का? मला वाचता येत नाही?"

नातेवाईक चालत नाहीत असा नियम कुणालाच आठवेना, कारण आजवर कुणाचे नातेवाईक हौसेने आलेच नव्हते. सासूबाईंनी पुस्तिका हातात घेतली, चष्मा सारखा केला आणि वर्गात धडा वाचावा तशी सुरुवात केली.

"अभिनंदन! आमचा घडीचा पलंग निवडल्याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत." त्या थांबल्या. "मी नाही निवडला, पण असू दे. चांगली सुरुवात आहे."

सूचनाराव हात मांडीवर ठेवून बसले होते. पण त्यांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. त्यांचं लिखाण कुणीतरी पहिल्या ओळीपासून, मोठ्याने, शब्दन् शब्द वाचत होतं! सासूबाईंनी सूचनेप्रमाणे पट्टा सोडला. पाय बाहेर ओढले. पाय जमिनीवर टेकले आहेत का ते वाकून पाहिलं, कारण तसं लिहिलं होतं. मधे एकदा म्हणाल्या, "वाक्यं लहान आहेत. बरं केलंय." इस्त्रीवाल्या बाईंनी सूचनारावांकडे पाहून मान डोलावली. पंपवाल्यांनी खिशातून सभासदत्वाचा बिल्ला काढून गुडघ्यावर ठेवला. आता पाठ टेकायची फळी उभी करायची, की झालं.

"डोक्याकडील फळी उभी करण्यासाठी," सासूबाईंनी वाचलं, "बाजूचा दांडा खटका ऐकू येईपर्यंत दाबत राहा."

त्यांनी दांडा दाबला. खट्! फळी एक घर वर आली आणि पक्की बसली. सगळ्या खोलीने तो खटका ऐकला. रस्त्यावरच्या माणसानेही ऐकला असता.

सासूबाईंनी दांडा पुन्हा दाबला.

खट्! फळी आणखी एक घर वर.

बायकोने पदर तोंडात धरला. सूचनारावांच्या जिभेच्या टोकावर चार शब्द येऊन उभे राहिले. 'आई, वाजला की खटका.' पण तोंडाला त्यांनी आतून कडी घातली.

खट्! फळी आता उभ्या भिंतीसारखी झाली. सासूबाई कान देऊन दांडा दाबत होत्या, तल्लीन होऊन, पुस्तिकेवर पूर्ण विश्वास ठेवून. आणि खोलीतल्या माणसांची काय दशा झाली म्हणता! जन्मभर ज्यांनी लोकांना काय करावं आणि काय करू नये हेच सांगितलं, त्यांच्या डोळ्यांदेखत एक बाई चुकत होती, आणि सांगायची बंदी. एक जण स्वतःचाच हात चावत होता. औषधवाल्यांच्या कपाळावर घाम आला.

खट्!

"अतिवापर टाळावा!" औषधवाले किंचाळले आणि लगेच दोन्ही हातांनी तोंड दाबून बसले.

एकदा बांध फुटल्यावर मग काय! "पुरे!" "सोडा तो दांडा!" इस्त्रीवाल्या बाई उभ्या राहिल्या, "अहो, हात काढा आधी!" आणि वीस वर्षं गप्प परीक्षा घेत आलेले पंपवाले एकदाही न खाकरता गरजले, "बाई, थांबा!"

इतका गलका सासूबाईंनाही ऐकू गेला. त्यांनी मागे वळून, वर्गातल्या दंगेखोर पोरांकडे पाहावं तसं पाहिलं. "थांबा काय? खटका कुठे वाजलाय अजून?"

कुणी छताकडे पाहू लागलं, कुणी स्वतःच्या बुटांकडे. सगळ्यांना कळलं. सासूबाई मात्र वळल्या आणि त्यांनी सगळा जोर लावून दांडा आणखी एकदा दाबला. आता फळीला वर जायला घरच उरलं नव्हतं. ती सुटली आणि धाडकन मागे आडवी झाली. खिडकीची तावदानं थरथरली.

"हा!" सासूबाईंचा चेहरा उजळला. "वाजला!"

त्या पलंगावर बसल्या, मग जरा आडव्याही झाल्या. "फळी उभी राहिली नाही, पण पलंग छान आहे. दहापैकी आठ."

पंपवाले उठले. आता प्रश्न विचारायचा होता. त्यांनी सूचनारावांजवळ येऊन आवाज शक्य तेवढा मऊ केला. "तर सांगा. वाचणाऱ्याचं चुकलं, की लिहिणाऱ्याचं? वाचणाऱ्याचं काही विशेष कारण असेल तर सांगा. मोकळेपणाने. मंडळ समजून घेईल." आणि बोलता बोलता त्यांनी स्वतःचा कान चोळला.

एक शब्द पुरे होता. तो शब्द खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होता, फक्त तो सूचनारावांनी म्हणायचा, की बिल्ला त्यांचा. सासूबाई पलंगावर उठून बसल्या होत्या आणि जावयाच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. ओठ हलले असते तर त्यांनी ओठांवरून वाचलं असतं. त्यात त्या तरबेज होत्या.

सूचनाराव उभे राहिले. नव्या शर्टाच्या बगला ओल्या झाल्या होत्या.

"लिहिणाऱ्याचं चुकलं," ते सासूबाईंकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा म्हणाले. "आमच्या पलंगाचा खटका फारच हळू वाजतो. कानावर विसंबून लिहायला नको होतं. कुठे काय दिसतं, ते लिहायला हवं होतं."

"मग?" सासूबाई म्हणाल्या. "मी तेच म्हणतेय."

पंपवाल्यांनी उसासा टाकला आणि बिल्ला पुन्हा खिशात टाकला. "मग पुढच्या वर्षी या."

"एक मिनिट," इस्त्रीवाल्या बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी या, हे कोण सांगतंय?"

"मी. अध्यक्ष."

"तुम्ही 'बाई, थांबा' असं ओरडलात. म्हणजे तुम्ही अध्यक्ष नाही, सभासदही नाही. मीही नाही. हेही नाहीत."

"मी पहिला गेलो," औषधवाले खिन्नपणे म्हणाले. "ताबडतोब परिणाम."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या गलक्यात गप्प राहिलेला असा एकही सभासद सापडेना. हात चावत होता त्या गृहस्थानेही शेवटी "अरेरे" म्हटलं होतं, आणि ते 'अरेरे' धरायचं की नाही यावर वाद झाला, ते धरायचं असं ठरलं. म्हणजे मंडळ होतं, बिल्ले होते, दारावर पाट्या होत्या, पण मंडळात माणूस एकही नव्हता. सूचनारावांना नाही म्हणायचा अधिकार कुणाकडेच उरला नाही.

"मग सगळंच नव्याने मांडावं लागणार," पंपवाले म्हणाले. ते जरा खचलेच होते. "पहिला सभासद कोण?"

"जे एकटे गप्प बसले ते," इस्त्रीवाल्या बाई म्हणाल्या. त्यांनी पंपवाल्यांच्या खिशातून बिल्ला काढला आणि सूचनारावांच्या शर्टाला लावला. लावताना टोचू नये म्हणून काय करावं, हे सांगायला सूचनारावांनी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात औषधवाले हळूच म्हणाले, "आमच्या बाटलीवरही लिहिलंय हो, 'झाकण कट्ट आवाज होईपर्यंत फिरवा'." त्यावर पंपवाले म्हणाले, "आमच्यात 'घरघर थांबेपर्यंत' आहे." आणि इस्त्रीवाल्या बाई मटकन खाली बसल्या. त्यांच्यात शिट्टी होती. लगेच खुर्च्या जवळ ओढल्या गेल्या, कागद निघाले, आणि खटक्याऐवजी काय लिहावं यावर असं भांडण जुंपलं की खिडकीचं त्या दिवशी कुणी नावही काढलं नाही.

उशिरा तिघं जिना उतरत होती. सूचनाराव पुढे, बिल्ल्यावर हात ठेवून. मागे बायको आईचा हात धरून. ती सूचनारावांच्या पाठीकडे असं बघत होती की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही तिने तसं बघितलं नसेल.

अर्ध्या जिन्यात सासूबाई थांबल्या. "जावईबापू, एक सांगू? माणसं चांगली आहेत तुमची. पण त्या अध्यक्षांना जरा समज द्या. बाईमाणसावर असं ओरडतात? मला काय ऐकू येत नाही?"

सूचनाराव वळले.

"देतो समज," ते म्हणाले, आणि कठडा कुठे धरावा हेही न सांगता त्यांनी सासूबाईंपुढे आपला हात केला.